पाच, तीन, दोन आणि कच्चं लिंबू

पाच-तीन-दोन हा तिघांनी खेळायचा पत्त्यांचा खेळ. बावन्न पानांच्या कॅटमधून दुर्रीपासून छक्कीपर्यंतची सगळी पाने बाजूला काढतात. सत्त्यांपैकी बहुतेक घरी बदाम आणि इस्पिक या दोनच ठेवतात. अठ्ठीपासून एक्क्यापर्यंत चारही रंग पूर्ण असतात. अशी तीस पाने, प्रत्येकी दहा. आधी पाच-पाच पाने वाटली जातात. वाटणाऱ्यानंतर ज्याला पहिले पान मिळते तो त्या पाच पानांवरून हुकूम बोलतो आणि मग उरलेली पाने वाटतात. हुकूम बोलणाऱ्याने पाच हात करायचे, त्याच्या पुढच्याने तीन, वाटणाऱ्याने दोन. पहिली उतारीही हुकूम बोलणाऱ्याची. उतरलेल्या रंगाचे पान असेल तर तेच टाकावे लागते, नसेल तर हुकमाने कापता येते. ठरल्यापेक्षा जास्त हात करणारा पुढच्या डावात, कमी पडलेल्याच्या हातातून तेवढी पाने न बघता ओढतो आणि बदल्यात आपल्याकडची नको असलेली पाने त्याच्या गळ्यात मारतो. सगळे नियम एका पोस्टकार्डावर मावतील.

महाड-पोलादपूरकडे हा खेळ मुलांच्या हाती लागतो तो बहुधा गणपतीत. मुंबईहून चाकरमानी आलेले असतात, बाहेर पाऊस असतो. आरती, भजन, जाखडी आटोपली की जागरणाची रात्र काढायला पत्ते निघतात. मोठी माणसे मेंढीकोटाला बसतात, अगदी लहान मुले भिकार-सावकार आणि गुलामचोर खेळतात. पाच-तीन-दोन ही मधली पायरी. गुलामचोर येणाऱ्याला पत्ते 'येतात' असे कोणी म्हणत नाही. पाच-तीन-दोनला बसवले की म्हणतात. त्या म्हणण्याचा अर्थ काय, म्हणजे नेमके काय येते आणि ते कसे येते, यावर दोन मते आहेत. एक शंकेखोराचे, दुसरे हौशी खेळणाऱ्याचे.

शंकेखोर: शिकणं हा शब्दच इथे जरा मोठा होतो. सात-आठ वर्षांच्या मुलाला हे नियम अर्ध्या तासात कळतात. पुढे जे होतं ते वाटपावर. तीस पानांतला हुकमाचा एक्का तिघांपैकी कोणाकडेही जाऊ शकतो. ज्याच्याकडे गेला त्याचा एक हात झाला, त्यात त्याची कर्तबगारी काय? भिकार-सावकार निदान प्रामाणिक खेळ आहे. पान उलटायचं, जुळलं तर ढीग उचलायचा, नशिबाला नशीब म्हणायचं. पाच-तीन-दोनमध्ये तेच नशीब, फक्त त्याला हुशारीचा अंगरखा चढवलेला. रात्र-रात्र पत्ते कुटणाऱ्यांना तो अंगरखा सोयीचा असतो.

हौशी: वाटप नशिबाचं, हे कबूल. तीस पानं तिघांत दहा-दहा वाटण्याचे साडेपाच लाख कोटींहून जास्त प्रकार होतात, म्हणजे तोच डाव आयुष्यात पुन्हा हातात येत नाही. पण म्हणून तर पाठांतराने हा खेळ येत नाही. हुकूम बोलणाऱ्याची पहिली पाच पानं बघा. रंग चार, पानं पाच. म्हणजे निदान एका रंगाची दोन पानं असतातच. समजा बदामाचे एक्का-बादशहा आलेत, आणि चौकटची अठ्ठी, नव्वी, दश्शी. नवं पोर डोळे मिटून 'बदाम' म्हणतं, कारण एक्का-बादशहा दिसले की त्याला हुकूम दिसतो. दहा डाव खेळलेलं पोर थांबतं. बदामाचे एक्का-बादशहा हुकूम नसतानाही दोन हात बहुधा करतीलच, कारण उतारी आपली आणि पहिल्या दोन फेऱ्यांत समोरच्यांकडे बदाम असण्याची शक्यता बरीच. उलट चौकटच्या त्या तीन बारक्या पानांना हुकूम केलं नाही तर त्यांची किंमत शून्य. शिवाय चौकटची एकूण पानंच सात, कारण चौकट सत्ती खेळात नाही. तीन आपल्याकडे आली तर बाहेर राहिली चार. बदाम आठ आहेत, सत्ती धरून. दोन सत्त्या ठेवल्यामुळे दोन रंग आठांचे आणि दोन सातांचे झाले, हे ज्याला उमगलं त्याने पाच-तीन-दोनचा अर्धा खेळ घेतला. हे अर्ध्या तासात उमगत नाही.

या उदाहरणात एक गोष्ट सुटते. चौकट हुकूम बोलल्यावर पुढच्या पाच पानांत एकही चौकट आली नाही, तर ती थांबलेली हुशारी पाच हात करेलच असे नाही. आणि बदाम बोलणारे नवे पोर पुढच्या पाचांत बदामाची राणी आणि गुलाम आल्यामुळे सहज सुटू शकते. एका डावावरून कोणाला खेळ येतो ते ठरत नाही. रात्रभराच्या डावांवरून ठरत असावे, पण रात्रभराचा हिशेब कोणी ठेवत नाही.

शंकेखोर: असू दे ही हुशारी. पण ती मुलाला कोण सांगतं? आपल्याकडची रीत म्हणजे 'बस, येईल आपोआप'. बसवतात, आणि पहिल्या चुकीला तिघं एकदम ओरडतात: 'रंग असताना कापलंस?' पोरगं कावरंबावरं होतं. बाकीच्या खेळांत आपण यावर एक फार चांगला तोडगा काढलेला आहे, कच्चं लिंबू. लगोरीत, लपाछपीत सगळ्यात लहान भावंडाला कच्चं लिंबू ठरवतात. ते पळतं, लपतं, हसतं, पण बाद झालं तरी बाद धरत नाहीत. मैदान मोठं असतं, एकाचं सोडून दिलं तरी बाकीच्यांचा खेळ बिघडत नाही. पाच-तीन-दोनमध्ये ही सोय नाही. हात दहाच. पाच, तीन आणि दोनची बेरीज दहा. मुलाचा सुटलेला हात हवेत जात नाही, दुसऱ्याच्या ढिगात जातो, आणि पुढच्या डावात ओढायला परत येतो. म्हणून मोठी माणसं काय करतात? एक्का हातात ठेवून बारकं पान टाकतात. मुलाला वाटतं, जिंकलो. शिकण्याची सुरुवातच लबाडीने होते, ती मोठ्यांच्या लबाडीने.

हौशी: लबाडी हा शब्द कठोर आहे, पण रीत चुकीची आहे हे मान्य. मुलाला जिंकू दिलं की खेळ कळायचा थांबतो, कारण चूक आणि तिची किंमत यांची गाठच पडत नाही. पण घराघरांतून दुसऱ्या दोन रीती चालतात. एक उघडा डाव. पहिले दोन-तीन डाव तिघांनीही पानं सतरंजीवर उताणी मांडायची आणि मोठ्याने बोलत खेळायचं: माझ्याकडे किलवर संपलं, म्हणून मी कापणार. दुसरी रीत म्हणजे आजीच्या पाठीशी बसणं. तिचे दहा पत्ते दिसतात, बाकीचे वीस दिसत नाहीत, आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. ही दुसरी खरी अवघड. बघणाऱ्या पोराच्या चेहऱ्यावर एक्का उमटतो. समोरचा काका आजीकडे बघतच नाही, पाठीमागच्या पोराकडे बघतो आणि हुकूम कुठे आहे ते ओळखतो. आजी दोनदा हात गमावते, तिसऱ्यांदा पोराला म्हणते, 'तू भिंतीकडे तोंड करून बस.' त्या पोराला त्या क्षणी जे कळतं ते कोणत्याही नियमात लिहिलेलं नाही.

हातातल्या पानांचा प्रश्नही वरवर वाटतो तितका किरकोळ नाही. आठ वर्षांच्या तळहातात दहा पानांचा पंखा मावत नाही. मूल दोन्ही हातांनी पाने धरते आणि मग पान ओढायला तिसरा हात उरत नाही. मग पाने मांडीवर ठेवते, एक शोधताना चार दाखवते. पुढे ते रंग लावायला शिकते: लाल, काळा, लाल, काळा, म्हणजे बदाम आणि चौकट शेजारी येऊन घोटाळा होत नाही. पण असे लावले की नवा धोका निघतो. डाव्या टोकाचे पान संपले आणि हात मधल्या पानांवर गेला, तर पाहणाऱ्याला कळते की याचा एक रंग संपला. म्हणून मुरलेला खेळणारा पाने मुद्दाम विस्कटून धरतो. नीट लावायला शिकणे आणि मग तेच विस्कटायला शिकणे, असा उलटासुलटा प्रवास या खेळात आहे. कोकणातल्या भाद्रपदात आणखी एक अडचण असते: ओल्या हवेत पाने फुगतात, एकाला एक चिकटतात, आणि वाटताना कोणाला अकरा जातात, कोणाला नऊ. पावडर लावून पिसतात, तरी पहाटेपर्यंत कॅट जडच होतो.

शंकेखोर: मग ओढाओढीबद्दल बोलू. या खेळातला हा भाग मुलांना कसा पटतो, हेच कळत नाही. ज्याच्याकडे जास्त, त्यालाच पुढच्या डावात आणखी चांगली पानं. ज्याचं कमी पडलं, त्याच्याच हातातलं काढून घ्यायचं, वर आपलं टाकाऊ पान त्याला द्यायचं. याला सावकारी म्हणतात. दुसऱ्या कुठल्याही खेळात नवा डाव म्हणजे नवी सुरुवात असते. इथे कर्ज डावामागून चालत येतं. लहान पोर सलग तीन डाव ओढलं जातं, आणि चौथ्या डावाला त्याच्या डोळ्यांत पाणी असतं.

हौशी: ओढणं फक्त एका डावाचं बघितलं तर सावकारी दिसते. पण वाटपाची पाळी फिरते हे विसरू नका. आज जो हुकूम बोलला आणि ज्याला पाच करायचे होते, तो पुढच्या डावात वाटणारा होतो, म्हणजे त्याला दोनच हात लागतात. पाचाचे तीनच झाले, दोन पानं ओढली गेली, तरी त्या डावात त्याची गरजच सगळ्यात कमी असते. कर्ज फेडायची वेळ येते तेव्हा घरखर्च कमी, असं हे आहे. खेळ रचणाऱ्याने यात समतोल ठेवलाय. ओढताना पानं न बघता ओढायची, हाही त्याचाच भाग. हुकमाचा एक्का लागेल किंवा इस्पिक सत्ती लागेल.

शंकेखोर: तो समतोल एकालाच मिळतो. पाळीचा क्रम लावून बघा. पाचवाला दोनवर जातो, दोनवाला तीनवर, आणि तीनवाला पाचवर. म्हणजे ज्याला तीन करायचे होते आणि एकच झाला, त्याच्याकडून पुढच्या डावात दोन पानं जाणार, आणि त्याच डावात त्याला पाच हात करायचे. हुकूम तोच बोलणार, पण पहिल्या पाच पानांवरून बोलणार; ओढाओढी होते ती दहा पानं हातात आल्यावर. ज्या पानाच्या भरवशावर हुकूम बोलला तेच पान जाऊ शकतं. पुन्हा पाचाचे तीन. मग दोनवर उतरल्यावर थोडा श्वास. नवशिका नेमका याच खिंडीत अडकतो. यात समतोल कुठे आहे?

हौशी: तीनवाल्याची खिंड आहे, हे खरं. इतकी वर्षं खेळून हे असं मांडून बघितलं नव्हतं. पण त्यातून निघणारी गोष्टही खेळातच आहे. तीनच्या पाळीला जपून खेळायचं, कारण पुढे पाच येणार. दोनच्या पाळीला जोखीम घेतली तरी चालते. हे गणित मांडून कोणी सांगत नाही, पण मुरलेली माणसं तसंच खेळतात. तीनवर असताना आजी शेवटपर्यंत हुकूम सोडत नाही. आणि लहान मूल असेल तर पुष्कळ घरी एक वेगळा नियम करतात: परत द्यायचं पान ओढलेल्याच रंगाचं हवं, किंवा एका डावात एकच ओढायचं.

शंकेखोर: इथेच तर गोम आहे. 'पुष्कळ घरी'. नियम घरोघरी निराळे. महाडच्या पोराच्या घरी परत द्यायचं पान कोणतंही चालतं, मुंबईहून आलेल्या चुलत भावाकडे त्याच रंगाचं लागतं. दोघं पोलादपूरला मामाकडे गेले की तिथे इस्पिकऐवजी किलवर सत्ती ठेवतात. मेंढीकोटातही तेच: कुठे हुकमाचं पान बंद ठेवून खेळतात, तर कुठे पहिल्यांदा ज्याच्याकडे उतरलेला रंग नसेल त्याने टाकलेला रंग हुकूम होतो. चार दश्श्या पकडायच्या एवढंच सगळीकडे सारखं. ज्याचा नियमच ठरलेला नाही, तो खेळ शिकवायचा कसा आणि 'येतो' कसं म्हणायचं? भांडण झालं की शेवटी मोठ्याचा आवाज जिंकतो.

हौशी: आवाज जिंकतो असं नाही, घर जिंकतं. पाहुण्याने यजमानाच्या नियमाने खेळायचं, ही रीत सगळ्यांना मान्य असते. डावाआधी विचारायचं: ओढलेलं त्याच रंगाचं परत द्यायचं का? हा प्रश्न विचारणारं पोर खेळ शिकलंय, असं खुशाल समजावं. नियमांचं एक पक्कं पुस्तक असतं तर पत्ते टिकले असते, असं वाटत असेल तर सावंतवाडीच्या गंजिफ्याकडे बघा. दशावतारी गंजिफा, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पानं, एकशे वीस गोल पत्ते, आणि तोही तिघांनी हात करण्याचा खेळ. पाच रंगांत दश्शीकडून खाली उतरायचं, पाच रंगांत एक्क्याकडून. 1970च्या दशकात सावंतवाडीच्या राजघराण्याने, शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी, पत्ते रंगवण्याची कला मरता मरता वाचवली. पत्ते आज विकत मिळतात, नियम छापून मिळतात. खेळणारी घरं मात्र बोटांवर मोजावी लागतील. पत्ते वाचले, नियम वाचले, आणि शेजारी बसवून घेणारं माणूस वाचलं नाही.

शंकेखोर: किंवा गंजिफा अवघड होता, म्हणून गेला. एकशे वीस पानं आणि निम्म्या रंगांत उलटा क्रम पोरांच्या पचनी पडत नाही. पाच-तीन-दोन टिकला तो सोपा म्हणून. त्यात माणसांच्या माहात्म्याचा संबंध किती, ते सांगता येत नाही. आणि शेजारी बसवून घेणारं माणूस दुसऱ्या सतरंजीवरही असतं. त्याच रात्री, त्याच वाडीत, पलीकडे तीन पत्ती चालते, पैशांवर. हात धरायचा, चेहरा झाकायचा, ही तुम्ही वाखाणलेली सगळी विद्या तिथे जशीच्या तशी लागते.

कायद्याने या दोन सतरंज्यांत फरक केलेला आहे. मुंबई प्रांताचा 1887चा जुगार प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात अजून लागू आहे आणि त्यात निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1967 साली रमीला प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरवले, पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात या कारणाने; तीन पत्तीला त्याच निकालात उलट बाजूला ठेवले. मोबाइलवरची पैशांची रमी तेवढ्याने वाचली नाही. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैशांचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत वा नशिबाचे, सरसकट बंद केले. पाच-तीन-दोन या वादात कधी आला नाही, कारण त्यात पैसा लावायची सोयच नीट बसत नाही. हरल्याची किंमत तिथे पानांतच फेडली जाते. शंकेखोराला हे पटते, पण तेवढ्याने त्याची काळजी जात नाही. मूल कोणत्या सतरंजीवर जाऊन बसेल, हे कायदा सांगत नाही.

शंकेखोर: आता एक शेवटचं, आणि ते सगळ्यात अडचणीचं. घरातला कॅट जुना असतो. इस्पिकच्या एक्क्याचा कोपरा दुमडलेला. चौकट अठ्ठी हरवली म्हणून जोकरवर पेनाने 'चौ. ८' लिहिलेलं, आणि जोकरची पाठ किंचित जास्त गडद. घरातल्या सगळ्यांना हे माहीत. ओढताना आजीचा हात त्या दुमडलेल्या कोपऱ्याशी जरा रेंगाळतो. मुंबईच्या भावाला काही कळत नाही, तो नुसता ओढला जातो. ज्याला तुम्ही 'खेळ येणं' म्हणता, त्यातला किती भाग हा कोपरा आहे?

हौशी: काही भाग आहे. नाही म्हणता येणार नाही. पण ओढताना बघून ओढू नये असा नियम आहे, तसं बोटांनी चाचपू नये असा नियम करायला हवा, आणि काही घरी तो आहेही: पानं जमिनीवर पालथी मांडायची आणि ओढणाऱ्याने तोंड फिरवून बोट ठेवायचं. तरी चौकट अठ्ठी कोणाकडे आहे, हे तिच्या पाठीवरून दिसणारच. त्याला लबाडी म्हणायचं, की घरच्या पानांची ओळख म्हणायची, हे ठरवणं कठीण आहे. त्या पानाची पाठ बघायची नाही, असं डोळ्यांना सांगता येत नाही.

शंकेखोर: महाडच्या बाजारातून नवा कॅट आणला तर?

हौशी: तर मुंबईचा भाऊ आणि घरचं पोर पहिल्या रात्री सारख्याच पाण्यात. हुकूम मोजायचा, तीनवर जपून खेळायचं, चेहरा झाकायचा, एवढंच उरेल. आपण 'येणं' म्हणतो ते तेवढंच की काय, ते त्या रात्री दिसेल. पण पावसात नवी पानंही दोन दिवसांत फुगतात, आणि पहिला कोपरा कोणाच्या हातून दुमडतो यावर लक्ष ठेवणारं कोणीतरी घरात असतंच.

शंकेखोर: आणि जुन्या कॅटचं काय करतात?

हौशी: भिकार-सावकारला देतात, धाकट्यांना. त्या खेळात कोपरा दुमडलेला असला तरी काही बिघडत नाही.